कंबरबॅच हे आडनाव आलं कुठून

शेरलॉक सिरीयल 2010 ला आली तेव्हा आमच्या घरात त्या हिरोचं नाव कुणालाच धड घेता यायचं नाही, आई म्हणायची तो कंबरवाला, आणि भाऊ विचारायचा की कंबरेची बॅच म्हणजे नक्की काय, पाठदुखीचं शिबिर का. बेनेडिक्ट कंबरबॅच. जगभर या नावाची एवढी चेष्टा झाली की लोकांनी मुद्दाम चुकीची नावं बनवायचा खेळच काढला, त्यातलं एक म्हणजे कमरबंड. आता गंमत बघा, इंग्रजीतला कमरबंड, सूटवर पोटाला बांधतात तो रुंद पट्टा, हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलाय, आपला कमरबंद तो, मूळ फारसी, आणि मराठीतली कंबर पण त्याच फारसी कमरेवरून आलेली. म्हणजे आईचं अगदीच चुकलं नव्हतं, पण आडनावाचा मात्र कंबरेशी काडीचा संबंध नाही.

ते आलंय एका गावावरून. इंग्लंडच्या वायव्येला चेशायर परगणा आहे, तिथे नॉर्थविच म्हणून मिठासाठी प्रसिद्ध गाव, त्याच्याजवळ कंबरबॅच नावाचं छोटं खेडं. स्पेलिंग थोडं वेगळं, पण नाव तेच. नावाचा शेवटचा भाग सोपा आहे, जुन्या इंग्रजीत बॅच म्हणजे ओढा किंवा ओढ्याचं खोरं. चेशायरमध्येच सँडबॅच म्हणून गाव आहे, तो वाळूचा ओढा. जर्मनमध्ये हाच शब्द बाख होतो, म्हणजे संगीतकार बाख पण आडनावाने ओढेच.

नावाचा पहिला भाग जास्त इंटरेस्टिंग आहे. कंबर म्हणजे वेल्श माणूस. वेल्श लोक स्वतःला कम्री म्हणतात, त्याचा मूळ अर्थ साधारण एका मुलखातले लोक, आपण गाववाले म्हणतो तसं काहीसं, आणि उत्तर इंग्लंडमधला कुंब्रिया त्याच शब्दातून निघालाय. इंग्रजांचे पूर्वज पाचव्या सहाव्या शतकात जर्मनी डेन्मार्कच्या बाजूने आले आणि आधीपासून राहणाऱ्या या ब्रिटन लोकांना पश्चिमेकडे रेटत गेले, आणि वर त्यांनाच नाव दिलं वेल्श, म्हणजे परके! आलेले हे, आणि परके ते. अक्रोडाला इंग्रजीत वॉलनट म्हणतात ना, त्यातला वॉल पण हाच, परक्या मुलखातला नट. आणि जुन्या इंग्रजीत हाच वेल्श वाला शब्द पुढे गुलाम या अर्थानेही वापरायला लागले, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर चेशायर वेल्सला लागून, तिथे इंग्रजांची वस्ती झाल्यावरही कुठल्यातरी ओढ्याकाठी जुनी ब्रिटन माणसं टिकून राहिली असणार, म्हणून शेजारच्यांनी त्या जागेला वेल्शांचा ओढा म्हणायला सुरुवात केली. काहीजण म्हणतात की कुंब्रा नावाच्या एका माणसाचा ओढा, पण त्या माणसाचं नाव तरी कुठून आलं, तिथूनच.

गावावरून आडनाव ही आयडिया आपल्याला समजावून सांगायलाच नको, अर्धा महाराष्ट्र कर लावून फिरतोय. पण एक गोष्ट आपण विसरतो की कोल्हापुरात बसलेल्या माणसाला कोणी कोल्हापूरकर म्हणत नाही, तिथे सगळेच कोल्हापूरचे, तो सातारला किंवा मुंबईला गेला की कोल्हापूरकर होतो. इंग्लंडमध्येही तेच झालं, 1066 मध्ये फ्रान्सकडून नॉर्मन लोक आले, त्यानंतरच्या दोन तीनशे वर्षांत आडनावं पक्की होत गेली तेव्हा जो माणूस कंबरबॅच सोडून दुसरीकडे गेला तोच कंबरबॅच झाला. आणि एकाच छोट्या खेड्याचं नाव, त्यामुळे आडनाव पहिल्यापासून दुर्मिळच, स्मिथ सारखं नाही, की प्रत्येक गावात एक लोहार आणि प्रत्येक लोहाराचं एक घराणं. स्पेलिंगचं म्हणाल तर चर्चच्या वहीत लिहिणारा कानाला लागेल तसं लिहायचा, त्यामुळे पाचसहा रूपं सापडतात. चेस्टरचा रॉजर कंबरबॅच नावाचा एक न्यायाधीश होता, त्याने जमवलेले किंग्ज बेंच या इंग्लंडच्या मोठ्या कोर्टाचे निकाल 1724 मध्ये छापले गेले आणि वकील लोक अजूनही ते त्याच्या नावानेच ओळखतात, पण त्याचं स्पेलिंग गावासारखं, नटासारखं नाही.

इथपर्यंत सगळं गोड गोड होतं. आता बार्बाडोस, तो गुलाम शब्द इथे लागणार.

कॅरिबियनमधलं हे बेट, इंग्रजांनी 1627 मध्ये तिथे वस्ती केली आणि थोड्याच वर्षांत पूर्ण बेट उसाखाली आणलं, आणि ऊस तोडायला, गुऱ्हाळं चालवायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणली. अब्राहम कंबरबॅच हा बेनेडिक्टचा पूर्वज, त्याने 1728 मध्ये तिथे क्लेलंड नावाचा मळा घेतला आणि पुढची शंभर वर्षं घराण्याची श्रीमंती त्या मळ्यांवर चालली. ब्रिटिश संसदेने 1833 ला कायदा केला, 1 ऑगस्ट 1834 पासून गुलामी संपली, म्हणजे कागदावर संपली, कारण त्यानंतर 1838 पर्यंत शिकाऊ कामगार या गोंडस नावाखाली त्याच मालकाकडे राबावं लागलं. आणि नुकसानभरपाई दिली गेली 2 कोटी पौंड, तेव्हाच्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या जवळपास 40 टक्के, पण ती गुलामांना नाही तर मालकांना! कंबरबॅच घराण्यालाही त्यातली रक्कम मिळाली. या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारने पूर्ण फेडलं 2015 मध्ये, म्हणजे लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी लोकांच्या टॅक्समधूनही त्याचे चार पैसे गेले असणार.

सुटलेल्या लोकांना कागदावर आडनाव हवं होतं. आफ्रिकेतली नावं केव्हाच पुसली गेलेली, मग कुणी मालकाचं घेतलं, कुणी आधीच्या मालकाचं, कुणी दुसरंच. त्यामुळे बार्बाडोसचा कंबरबॅच म्हणजे रक्ताचा नातेवाईक असं अजिबात नाही, असेलही, नसेलही. पुढे बार्बाडोसची माणसं पोटासाठी बाहेर पडली, साधारण 20 हजार जण पनामा कालवा खोदायला करारावर गेले, बाकीचे त्रिनिदाद, गयाना, न्यूयॉर्क, आणि आडनावं त्यांच्यासोबत गेली. आपल्यातल्या जुन्या क्रिकेटवेड्यांनी हे नाव शेरलॉकच्या कितीतरी आधी ऐकलेलं असणार, क्लाइड कंबरबॅच, त्रिनिदादचे अंपायर, ऐंशी नव्वदच्या दशकात वेस्ट इंडीजच्या टेस्टला उभे असायचे. रेडिओवर हे नाव ऐकताना कुणाला चेशायरचा ओढा दिसला असेल असं वाटत नाही.

इंग्लंडमधली शाखा दरम्यान सरकारी नोकरीत शिरली, बेनेडिक्टचे पणजोबा हेन्री अर्नल्ड हे तुर्की आणि बैरूतमध्ये ब्रिटिश कॉन्सल, आजोबा नौदलात पाणबुडीवर. वडील नट, पण ते टिमथी कार्लटन या नावाने काम करतात, आडनाव लावतच नाहीत. बेनेडिक्टनेही सुरुवात बेन कार्लटन म्हणून केली होती, नंतर एजंट बदलला तेव्हा नवीन एजंट म्हणाली की खरं आडनाव लाव, लोक लक्षात ठेवतील, आणि तिचं बरोबर निघालं. आईने मात्र त्याला सांगून ठेवलं होतं की कामासाठी हे नाव वापरू नकोस, गुलामांचे वंशज उद्या भरपाई मागत येतील, हे त्याने स्वतःच एका मुलाखतीत सांगितलंय. आईचा हिशोब पैशाचा होता की लाजेचा हे आपण कसं सांगणार, पण इतिहास घरात माहीत होता एवढं नक्की. पुढे 2013 च्या 12 इयर्स अ स्लेव्हमध्ये त्याने गुलामांच्या मालकाचाच रोल केला.

2014 ला न्यूयॉर्कच्या महापौरांनी स्टेसी कंबरबॅच यांना शहराच्या एका मोठ्या खात्याच्या कमिशनर केलं, कृष्णवर्णीय बाई, मुळं बार्बाडोसची, आणि लगेच पेपरात आलं की यांचे पूर्वज बेनेडिक्टच्या पूर्वजांच्या मळ्यावर गुलाम होते. दोघांच्या आडनावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर सारखं. 2023 च्या सुरुवातीला तर बार्बाडोस आता कंबरबॅच कुटुंबाकडे भरपाई मागणार का अशा बातम्या आल्या आणि आईचे शब्द खरे होतात की काय असं वाटलं, पण तिथल्या चळवळीचा मुख्य रोख ड्रॅक्स घराण्यावर होता, ज्यांचा मळा त्या बेटावर अजूनही आहे.

इंग्लंडमध्ये आजही हे आडनाव विरळच, कुणी सांगितलं तर समोरचा आधी स्पेलिंग विचारणार आणि मग शेरलॉकबद्दल. बार्बाडोसमध्ये तसं नाही, तिथे कंबरबॅच म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या गावचे कंबरबॅच.