ब्रूअरीतलं दुसरं उकळणं

बातम्यांमध्ये ब्रूअरी आणि डिस्टिलरी हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. डिस्टिलरीच्या मुळाशी लॅटिन 'स्टिला' आहे, म्हणजे थेंब. वाफ थंड होऊन ठिबकते, तो. बीअरच्या कारखान्यात मात्र ठिबकवायचं काही नसतं, तिथे उकळतं. इंग्रजी 'ब्रू' हे क्रियापद ज्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपर्यंत नेतात, त्याचा अर्थच उकळणे, खदखदणे, बुडबुडणे. 'ब्रॉथ' त्याच कुळातला, आणि 'फर्मेंटेशन', म्हणजे आंबवणं, या शब्दामागचं लॅटिन 'फेर्वेरे'ही.

पण यातलं एक उकळणं विस्तवाशिवायचं आहे.

सातूच्या दाण्यात स्टार्च असतो आणि यीस्टला तो खाता येत नाही. म्हणून दाणे भिजवून मोड आणतात. मोड येताना दाण्यातली अमायलेज विकरं, म्हणजे स्टार्च तोडणारी एन्झाइम्स, कामासाठी सज्ज होतात. मग दाणे सुकवले की झालं माल्ट. ते भरडून ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात मुरवतात, आणि खरी मजा इथेच आहे. बीटा-अमायलेज स्टार्चच्या साखळीला टोकाकडून कुरतडत माल्टोज, म्हणजे ग्लुकोजच्या जोड्या, सुटी करतं. अल्फा-अमायलेज मधेच कुठेही तोडतं. पाणी ६२-६३ अंशांवर ठेवलं तर बीटाचं काम जोरात चालतं, यीस्टला भरपूर साखर मिळते आणि बीअर हलकी, कोरडी होते. ७० च्या पुढे गेलात की बीटा लवकर निकामी होतं. यीस्टला न पचणारे लांब तुकडे, म्हणजे डेक्स्ट्रिन, मागे उरतात आणि बीअर दाट लागते. पाच-सात अंशांत चव बदलते ती अशी.

नंतर हॉप्स, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं, घालून हा गोड रस खळखळ उकळतात. कडवटपणा उतरतो, जंतू मरतात, विकरंही संपतात. अल्कोहोलचा मात्र अजून पत्ता नाही. रस थंड करून यीस्ट घातलं की दुसरं उकळणं सुरू होतं. ग्लुकोजच्या एका रेणूतून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात, आणि हा वायूच रसाला फसफसवतो. यासाठी जिवंत पेशीच हवी असं पाश्चरचं मत होतं. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाटून काढलेल्या, पेशी नसलेल्या रसानेही साखर आंबवून दाखवली. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं.

आता एक सावधगिरी. दोन शब्द कानाला सारखे लागले की त्यांचं मूळ एकच ठरवून टाकायचं, आणि तेही शक्यतो संस्कृत, अशा पोस्ट रोज फिरतात. फ्रेंचमध्ये बीअरच्या कारखान्याला 'ब्रासरी' म्हणतात. ऐकायला ब्रूअरीची सख्खी बहीण. प्रत्यक्षात तिचं मूळ 'ब्रासे' या गॉलमधल्या, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या भागातल्या, धान्याच्या नावात आहे. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने त्याची नोंद केली आहे. उकळण्याशी तिचा काही संबंध नाही.