१२ए टोनरवाले प्रिंटर लिनक्सवर का अडतात?

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास प्रतिज्ञापत्रं टाईप करून देणाऱ्यांकडे कॅननचा एलबीपी २९०० नाहीतर एचपीचा लेझरजेट १०२० हमखास दिसतो. दोन्हींत १२ए टोनर चालतो, तो रिफिलही होतो, म्हणून मशीन जुनं झालं तरी कोणी टाकत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आता जुन्या पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाकायला जावं, तर पहिली गाठ या प्रिंटरशीच पडते. दोष लिनक्सला दिला जातो. खरी गोम प्रिंटरच्या इतिहासात आहे.

लिनक्सची छपाईची रीत युनिक्स या जुन्या सिस्टिमकडून आली. त्या युनिक्सवर लाइन प्रिंटरला नुसता मजकूर पाठवला की काम व्हायचं. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सने त्यासाठी एलपीआर ही कमांड दिली, एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्ह या युनिक्सने एलपी. ती भाऊबंदकी मिटली, पण दोन्ही कमांड आजही चालतात.

१९८५ मध्ये ॲपलचा लेझररायटर आला. पोस्टस्क्रिप्ट या पानाचं वर्णन करणाऱ्या भाषेत लिहिलेलं पान तो स्वतः आखायचा, आणि त्याचा प्रोसेसर त्या वेळच्या मॅकपेक्षाही वेगवान होता. युनिक्सवरचे प्रोग्रामही मग पोस्टस्क्रिप्टच काढू लागले. ज्या प्रिंटरला ती भाषा कळत नसे, त्याच्यासाठी १९८८ पासून घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्राम दुभाष्या झाला.

पुढे किंमत उतरवायला कंपन्यांनी प्रिंटरमधली ही अक्कलच काढून घेतली. पान पीसीने आखायचं आणि ठिपके कंपनीच्या खासगी बोलीत पाठवायचे. २९०० ची बोली कॅप्ट, १०२० ची झेडजेस्ट्रीम. १०२० ला तर स्वतःचं फर्मवेअरही (त्याला चालवणारा आतला प्रोग्राम) साठवता येत नाही. दर वेळी चालू केला की पीसीने ते पुन्हा भरायचं. विंडोजचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरची बोली जाणणारा प्रोग्राम, हे गुपचूप उरकतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. लिनक्ससाठी रिक रिचर्डसन यांनी झेडजेस्ट्रीमचा फू२झेडजेएस हा ड्रायव्हर लिहिला. कॅननने कॅप्टचा लिनक्स ड्रायव्हर दिला खरा, पण त्याचे काही भाग बंदिस्त आणि ३२ बिटचे. ६४ बिटच्या सिस्टिमवर तो बसवणं म्हणजे डोकेदुखी.

मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या कप्स या छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीने छपाईची रांग, नेटवर्क आणि सेटिंग एका छताखाली आणलं. ब्राउझरमधून ६३१ पोर्टवर प्रिंटर जोडता येऊ लागला. २००२ मध्ये ॲपलने मॅकसाठी कप्स स्वीकारलं, २००७ मध्ये त्याचे हक्कच विकत घेतले. तरी खासगी बोलीचा दुभाष्या वेगळा आणावा लागे तो लागेच.

२०१० मध्ये ॲपलची एअरप्रिंट ही छपाईची पद्धत आली आणि त्यानंतर तशीच आयपीपी एव्हरीव्हेअर. यात आपण कोणत्या प्रकारचं पान घेतो हे प्रिंटरच सांगतो, त्यामुळे मॉडेलनुसार ड्रायव्हर लागत नाही. कप्सच्या पुढच्या, तिसऱ्या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरना थाराच नाही. जुन्या मशीनसाठी प्रिंटर ॲप्लिकेशन नावाचा मध्यस्थ ठेवावा लागेल.  १०२० फू२झेडजेएसवर निभावतो. २९०० साठी कॅप्टड्रायव्हर नावाचा मुक्त प्रकल्प आहे, पण आधी एखादं पान काढून पाहावं आणि मगच विंडोज पुसावं. नवा प्रिंटर घ्यायचा असेल तर दुकानात ‘एअरप्रिंट आहे का’ एवढंच विचारावं, लिनक्सचं नाव काढायचीही गरज नाही.