पकड खोल हवी: नवजात बाळ अंगावर प्यायला कसं लागतं

जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकवा आणि टाळूवरून हळूहळू मागे न्या. आधी टाळू कडक लागतो, मग एका ठिकाणी एकदम मऊ होतो. बाळाच्या तोंडात हीच कडक-मऊ सीमा असते. आईचं स्तनाग्र तिच्या अगदी जवळ पोचलं, की दूध नीट येतं आणि आईला दुखत नाही. ते पुढेच, हिरड्यांपाशी राहिलं, तर दर ओढीला जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये दाबलं जातं. पहिल्या आठवड्यातल्या भेगा, रक्त, पाजायची वेळ आली की अंगावर येणारा काटा, या सगळ्यामागे बहुतेक वेळा हे एवढंसं अंतर असतं.

म्हणूनच 'सुरुवातीला दुखतंच, सहन कर' हा सल्ला मला फार खटकतो. पहिल्या काही दिवसांत बाळ तोंड लावतं त्या क्षणी थोडं हुळहुळणं स्वाभाविक आहे. पण अर्ध्या मिनिटानंतरही कळ येत असेल, तर पकड चुकली आहे, हे शरीर सांगत असतं. ते ऐकायला हवं.

बाळ दूध नेमकं काढतं कसं? जीभ लाटेसारखी हलवून ते स्तन पिळतं, असं बराच काळ मानलं जाई. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये डोना गेडिस, पीटर हार्टमन आणि सहकाऱ्यांनी बाळ पीत असतानाच त्याच्या हनुवटीखाली सोनोग्राफीचा प्रोब धरला आणि तोंडातला दाबही मोजला. 2008 साली त्यांनी मांडलेलं निरीक्षण असं : जीभ खाली जाते तेव्हा तोंडात पोकळी तयार होते, ओढ सर्वांत जास्त होते आणि त्याच क्षणी दूध वाहतं. जीभ वर आली की प्रवाह थांबतो. म्हणजे चावण्या-दाबण्यापेक्षा ही ओढ महत्त्वाची. त्यासाठी तोंड स्तनावर हवाबंद बसावं लागतं आणि जिभेला खाली जायला वाव लागतो. नुसतं स्तनाग्र ओठांत धरलं की हे जमत नाही. पकड सारखी सुटते, चटचट आवाज येतो, बाळ दमतं आणि दूध मात्र थोडंच मिळतं.

नीट पकडीचा फायदा एका वेळच्या पिण्यापुरता नसतो. स्तनाग्राच्या मज्जातंतूंना चेतना मिळाली की आईच्या मेंदूतल्या पियूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं, दूधपेशींभोवतीचे सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. वेदना आणि ताण यांनी तो लांबतो. शिवाय स्तन जितका रिकामा होतो तितकं नवं दूध बनतं. उथळ पकडीत दूध आतच साठून राहतं, आणि आईला मात्र वाटतं की आपल्याला दूधच कमी आहे.

यात बाळाची बाजू कमकुवत नसते. 1987 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या अंगावर ठेवलेल्या बाळांचं निरीक्षण केलं. कुणी घाई केली नाही तर साधारण तासाभरात बाळं स्वतः सरकत स्तनापर्यंत पोचली आणि पिऊ लागली. 1994 च्या एका प्रयोगात आईचा एक स्तन धुऊन दुसरा तसाच ठेवला, तेव्हा 30 पैकी 22 बाळांनी न धुतलेला निवडला. त्यांना वाट दाखवत होता तो वास. त्याआधी, 1990 मध्ये, असंही दिसलं होतं की वजन-मापासाठी मध्येच उचलून नेलेली बाळं आणि प्रसूतीत आईला वेदनाशामक पेथिडीन दिलेलं असेल ती बाळं यांची चोखण्याची पद्धत चुकण्याचं प्रमाण जास्त होतं. तपासण्या गरजेच्याच असतात. पण बाळ-बाळंतीण दोघं ठीक असतील, तर वजनकाटा तासभर थांबू शकतो.

तेव्हा मोठ्यांचं काम मुख्यतः या उपजत हालचालींच्या आड न येण्याचं. आईनं आधी स्वतः पाठ टेकून सैल बसावं किंवा अर्धवट रेलावं. रेलल्यावर बाळ पोटावर येतं, त्याच्या अंगाला सगळीकडून आधार मिळतो आणि शोधण्याच्या हालचाली आपोआप सुरू होतात. बसून पाजत असाल तर बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, आणि स्तनाग्रासमोर बाळाचं नाक असावं. तोंड समोर येईल असं धरायचा मोह होतो, पण नाकच समोर हवं, कारण मग स्तनाकडे वळताना बाळाची मान किंचित मागे झुकते. हनुवटी छातीला टेकवून पाण्याचा घोट गिळून पाहा, मान मोकळी का लागते ते लगेच कळेल.

आता वरच्या ओठाला स्तनाग्राचा हलका स्पर्श करा आणि थांबा. बाळ जांभईएवढा मोठा 'आ' करेपर्यंत थांबायचं असतं, आणि मला वाटतं सगळ्यांत अवघड हेच. 'आ' झाला की पाठीवरच्या हातानं बाळालाच झटकन जवळ घ्या. हनुवटी आधी टेकली पाहिजे. वाकून स्तन त्याच्या तोंडात घालायला गेलं की पकड उथळ होते आणि आईची पाठही जाते. मदतनीसानं बाळाचं डोकं मागून ढकलू नये. डोक्यामागे दाब आला की बाळ उलट मागे ताणतं. आणि हे सगळं बाळ रडायच्या आत करावं. मूठ तोंडाकडे नेणं, ओठ चाटणं, मान इकडेतिकडे वळवणं ही भुकेची सुरुवातीची चिन्हं. रडणं खूप नंतर येतं, आणि रडणाऱ्या बाळाची जीभ वर उचललेली असते.

पकड जमली आहे का, ते दिसतं. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल भरलेले, आणि स्तनाग्राभोवतीचा गडद भाग खालच्या ओठापेक्षा वरच्या ओठाकडे जास्त उघडा. आधी भराभर चोखणं, मग सावकाश खोल ओढी आणि गिळल्याचा आवाज. सुटल्यावर स्तनाग्र गोल असावं. ते चपटं किंवा तिरकं झालं असेल तर ते दाबलं जात होतं. पकड चुकल्याचं पाजताना जाणवलं, तर बाळाला ओढून काढू नका. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत सारली की हवा शिरते आणि पकड सुटते. मग पुन्हा सुरुवात.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान दूध उतरतं तेव्हा स्तन दगडासारखे होतात आणि बाळाला धरायला काही उरत नाही. गडद भागाभोवती बोटांच्या टोकांनी मिनिटभर छातीच्या दिशेनं हलका दाब दिला, तर तेवढी जागा मऊ होते. बाळाची जीभ खालून बांधल्यासारखी वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. वेळेआधी जन्मलेल्या बाळांची गोष्ट निराळी. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ गरोदरपणाच्या हिशोबानं साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, त्याआधी जमलं नाही तर तो कुणाचाच दोष नाही.

बाळ लागत नसेल त्या दिवसांत हातानं दूध काढत राहावं आणि ते चमच्यानं किंवा वाटीनं द्यावं. पहिल्या दिवशी चीक जेमतेम काही चमचे निघतो, आणि तेवढाच अपेक्षित असतो. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माचं वजन परत आलं, तर दूध पुरतं आहे. वजन 10 टक्क्यांहून जास्त उतरलं, बाळ पिण्यासाठी उठवूनही उठेना, किंवा त्याचा पिवळेपणा वाढत चालला, तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. भेगा आणि दुखणं दोन-तीन दिवसांत कमी होत नसेल, तर स्तनपानाची माहिती असलेल्या परिचारिकेला किंवा सल्लागाराला प्रत्यक्ष पाजताना पाहायला सांगा. पाजण्याचं वर्णन ऐकून जी चूक ध्यानात येत नाही, ती समोर बसल्यावर पुष्कळदा पहिल्याच मिनिटात दिसते.