सरकारी कर्मचाऱ्याची ‘वैयक्तिक’ माहिती नेमकी कोणती? कलम ८(१)(ञ) इथवर कसं आलं

आरटीआय म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाकणाऱ्या बहुतेकांना हे एका ओळीचं उत्तर कधी ना कधी आलेलंच असतं, ‘मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’. मग मागितलेली असते बदलीची ऑर्डर, नाहीतर नोकरीला लागताना जोडलेलं जात प्रमाणपत्र. ही ओळ माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) वर उभी आहे, आणि ती आली कुठून ते बघायचं तर बरंच मागे जावं लागतं.

१९२३ चा शासकीय गुपितं कायदा इंग्रजांचा, पण स्वातंत्र्यानंतरही ऑफिसातली सवय तीच राहिली, फाईल सरकारची आणि बाहेरच्याने विचारायचं नाही. बाहेरचा सोडा, खुद्द कर्मचाऱ्याला स्वतःचा गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठांनी त्याच्या कामावर लिहिलेले शेरे, बघायला मिळायचा नाही, फक्त प्रतिकूल शेरा असेल तर कळवायचे. सगळेच शेरे कळवा असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते थेट २००८ मध्ये, देव दत्त खटल्यात. म्हणजे ‘गोपनीय’ या शिक्क्याने कर्मचाऱ्याची प्रायव्हसी जपली जात होती असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही, जपली जात होती ती वरिष्ठांची सोय.

मग राजस्थान. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरमध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी पहिली जनसुनावणी घेतली. अशा सुनावण्यांमध्ये दुष्काळी कामांची मस्टर रोल म्हणजे मजुरांचे हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचायचे, नाव, किती दिवस काम, किती मजुरी. लोक उठून सांगायचे की हा तर कामावर आलाच नव्हता, तो तर कधीच वारला. सगळी चोरी त्या नावांमध्ये होती. नावं खोडून मस्टर दिलं असतं तर फक्त आकडे उरले असते आणि आकडे तर कागदावर नेहमी बरोबरच असतात! हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण माहिती अधिकार आपल्याकडे जन्मालाच आला तो माणसांच्या नावांसकट.

महाराष्ट्रात २००० साली माहिती अधिकाराचा एक कायदा झाला पण त्यात दम नव्हता, अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर २००२ चा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर तो गेला.

२००५ च्या कायद्यात प्रायव्हसीचा विचार नव्हता असं आता काही जण म्हणतात, ते चुकीचं आहे. कलम ८(१)(ञ) त्यासाठीच होतं. वैयक्तिक माहिती नाकारायची असेल तर आधी बघायचं, तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध आहे का, ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होते का, आणि होत असली तरी व्यापक जनहित त्याहून मोठं आहे का. शिवाय खाली एक परंतुक म्हणजे जोडलेली अट, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारायची नाही. दुसरीकडे कलम ४ खालच्या १७ बाबींमध्ये अधिकारी-कर्मचाऱ्यांचा मासिक पगार स्वतःहून जाहीर करा असं लिहिलेलं आहे, आणि कलम १० म्हणतं की कागदातला न देण्यासारखा भाग वगळून बाकीचा द्या. म्हणजे प्रमाणपत्राची प्रत द्यायची पण घरचा पत्ता, मोबाईल नंबर काळा करून. माझ्या मते उत्तर तिथेच होतं.

आणि कर्मचाऱ्यांची भीती खोटी नाही हेही सांगायला हवं. एखाद्या बाईंचा राहता पत्ता, कुणाची आजारपणाची बिलं, बँक खातं, नॉमिनीचं नाव, हे कुणीतरी खुन्नस काढायला मागतो तेव्हा ते देऊच नये. सरकारी नोकरी केली म्हणून माणसाने घर उघडं टाकायचं असं थोडीच आहे.

पण २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा देशपांडे निकाल आला आणि तराजू एका बाजूला झुकला. त्यात कोर्ट म्हणालं की मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा हा मुळात कर्मचारी आणि मालक यांच्यातला विषय, आणि मालमत्तेचा तपशील, इन्कम टॅक्स रिटर्न हे सगळं वैयक्तिकच, व्यापक जनहित दाखवलं तरच मिळेल. आता इथे मालक कोण? पगार लोकांच्या पैशातून जातो, मग लोक तिऱ्हाईत कसे झाले? निवडणुकीला उभं राहणाऱ्या उमेदवाराने मालमत्ता जाहीर करावी असं याच कोर्टाने २००२ मध्ये सांगितलेलं होतं. तरी पुढे २०१७ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात क्लार्क लोकांच्या बदल्यांची माहितीही याच रांगेत गेली, आणि जनमाहिती अधिकाऱ्यांना, म्हणजे आरटीआय अर्जांना उत्तर देणाऱ्यांना, नकाराचा तयार मसुदा मिळाला.

२०१७ मध्येच पुट्टस्वामी निकालाने प्रायव्हसी मूलभूत हक्क ठरली, जे व्हायलाच हवं होतं. त्यानंतर २०१८ मध्ये श्रीकृष्ण समितीने डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा दिला त्यात माहिती दिल्याने होणारं नुकसान आणि जनहित दोन्ही तोलून बघा असं होतं, म्हणजे तराजू शाबूत होता. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला त्याच्या कलम ४४(३) ने ८(१)(ञ) मधल्या सगळ्या अटी आणि ते परंतुक काढून टाकलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियमांसोबत हा बदल लागूही झाला. आता तिथे फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच उरलंय.

सरकारचं म्हणणं असं की कलम ८(२) आहेच, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आहे, पण तिथे ‘देता येईल’ असं आहे आणि ठरवणार तेच ऑफिस ज्याच्याविरुद्ध माहिती मागितलीय. त्यामुळे यापुढे अर्ज करताना त्यातच ८(२) लिहा, जनहित काय ते दोन-तीन वाक्यांत स्पष्ट मांडा, आणि पत्ता, फोन, खाते क्रमांक नको, कलम १० प्रमाणे वगळून द्या असं आपणहून लिहा. प्रथम अपिलात यातलाच प्रत्येक मुद्दा धरून विचारता येतं की याचा निर्णय कुठे आणि कसा घेतला.