जुन्या पिकअपमध्ये मोठे इंजिन: आरटीओची मंजुरी कधी मिळते आणि कोणते कागद लागतात

पिकअपचे इंजिन थकले, माल भरून घाटात गाडी चढेना, की वापरलेले पण मोठे इंजिन बसवावे असा विचार येतो. भंगार बाजारात इंजिन मिळते आणि चांगला फिटर ते बसवूनही देतो. अडचण आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची असते. आरसीवर इंजिन नंबर, सिलिंडरची संख्या, घनक्षमता म्हणजे सीसी, अश्वशक्ती, इंधन आणि रिकाम्या गाडीचे वजन नोंदलेले असते. त्याच क्षमतेचे इंजिन टाकले तर यातला फक्त नंबर बदलतो. मोठे टाकले तर तीन-चार रकाने एकदम चुकीचे ठरतात. म्हणून आधी आरटीओकडे अर्ज करा आणि मगच जुने इंजिन उतरवा. पैसे आणि गाडी दोन्ही अडकतात ती बहुतेक वेळा हा क्रम उलटा झाल्याने.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांबद्दल आहे. आरसीवरचे तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करायचा नाही, असे त्याचे पहिलेच पोटकलम सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात याचा अर्थ आणखी स्पष्ट केला. निर्मात्याच्या मूळ तपशिलाला धक्का लावणारा बदल चालत नाही, आणि राज्याचे नियम या कलमाच्या वर जाऊ शकत नाहीत. ‘पूर्वी आमच्या आरटीओत होत असे’ हा मुद्दा त्या निकालानंतर टिकत नाही.

परवानगी न घेता बदल केला तर कलम १८२अ(४) लागते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण मोठ्या इंजिनासोबत गिअरबॉक्स, सायलेन्सर, कधी चेसीवरचे ब्रॅकेटही बदलावे लागते.

तुमची गाडी कोणत्या गटात बसते

पहिला गट म्हणजे त्याच कंपनीचे, त्याच प्रकारचे, तेवढ्याच सीसीचे आणि त्याच इंधनाचे इंजिन. इथे मंजुरीचा मार्ग सरळ आहे. आरसीवर फक्त नंबर बदलतो, बाकीचे रकाने तसेच राहतात.

दुसरा गट म्हणजे त्याच कंपनीचे, पण मोठे इंजिन. तुमच्या मॉडेलवर, तुमच्या गाडीच्या काळात, कंपनीने स्वतः ते इंजिन बसवून विकले असेल आणि त्या जोडणीला प्रकार-मंजुरी (चाचणी संस्थेने त्या मॉडेलला दिलेली मान्यता) असेल, तरच मांडायला आधार आहे. त्यासाठी कंपनीचे किंवा अधिकृत वितरकामार्फत आणलेले लेखी पत्र हवे. पत्रात मॉडेल, इंजिनाचा प्रकार, सीसी आणि उत्सर्जनाचा टप्पा हे सगळे असले पाहिजे. ‘इंजिन बसू शकते’ एवढ्याच वाक्याचे पत्र निरुपयोगी आहे. पत्र असले तरी निर्णय नोंदणी प्राधिकाऱ्याचाच, त्यामुळे लेखी मंजुरी हातात येईपर्यंत इंजिनासाठी पूर्ण रक्कम देऊ नका.

तिसरा गट म्हणजे दुसऱ्या कंपनीचे मोठे इंजिन. उदाहरणार्थ, महिंद्राच्या २५२३ सीसीच्या जुन्या डीआय पिकअपमध्ये टाटा २०७ डीआयचे २९५६ सीसीचे इंजिन. ब्रॅकेट बनवून ते बसवता येत असेल, पण आरसीवर ते मूळ तपशिलाशी विसंगतच ठरते. असा अर्ज करण्यात अर्थ नाही. एखादा एजंट ‘करून देतो’ म्हणाला, तर तो बहुधा फक्त नंबर बदलून घेईल आणि सीसीचा रकाना जुनाच ठेवील. ती नोंद खोटी असते आणि पुढच्या पासिंगला किंवा अपघाताच्या दाव्यात उघडी पडते.

दहा किंवा त्याहून जास्त वाहतूक वाहने असलेल्या मालकांना कलम ५२(२) मध्ये एक सवलत आहे. राज्य सरकारची अधिसूचना असेल, तर तिच्या अटींवर त्याच कंपनीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बसवता येते. बदल केल्यापासून १४ दिवसांत तो कळवून आरसीवर नोंदवावा मात्र लागतोच. मोठ्या इंजिनासाठी ही सवलत नाही.

सीएनजीचे संच किंवा बॅटरीवर चालवण्याचे संच वेगळ्या नियमांखाली येतात. त्यासाठी पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट अशा चाचणी संस्थांनी मंजूर केलेला संच आणि अधिकृत बसवणारा लागतो. वापरलेल्या डिझेल इंजिनाला तो मार्ग लागू होत नाही.

इंजिन घेण्याआधी त्याचे कागद तपासा

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात, म्हणून इथे घाई नको.

इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. हेड, टर्बो, पंप बदलले तरी नंबर तोच राहतो. ‘हाफ इंजिन’ घेतले तर ब्लॉक बदलतो आणि म्हणून नंबरही बदलतो. अर्ज तेव्हाही लागतोच. विकत घेण्याआधी नंबरची जागा डिझेल आणि ताराच्या ब्रशने स्वच्छ करा, त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि छाप घ्या. भोवतालच्या ओतीव पृष्ठभागाचा खडबडीतपणा नंबरच्या जागी एकदम गुळगुळीत झाला असेल, अक्षरे एका ओळीत नसतील किंवा त्यांची खोली कमी-जास्त असेल, तर ते इंजिन सोडून द्या. पुसट झालेला नंबर स्वतः पुन्हा ठोकून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आरटीओच्या परवानगीशिवाय नंबर ठोकणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय खऱ्या इंजिनावरही संशय ओढवतो.

इंजिन ज्या गाडीतून निघाले तिचा नोंदणी क्रमांक विक्रेत्याकडून घ्या. ती गाडी रीतसर भंगारात गेली असेल तर कलम ५५ खाली नोंदणी रद्द झाल्याची नोंद असते; नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातून गेली असेल तर त्यांचे प्रमाणपत्र असते. त्याची प्रत मागा. मग एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) ‘वाहन समन्वय’ सेवेवर इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते पाहा आणि तो अहवाल छापून ठेवा. चोरीचा माल घेतल्याचे प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये जाते, आणि ‘मला माहीत नव्हते’ हे तुम्हाला पटवून द्यावे लागते. आधीच केलेली तपासणी कागदावर असेल तर ते सोपे जाते.

बिलावर ‘जुने डिझेल इंजिन १ नग’ एवढेच लिहिलेले चालत नाही. पूर्ण इंजिन नंबर, मॉडेल, सीसी, मूळ गाडीचा क्रमांक, विक्रेत्याचे नाव-पत्ता, जीएसटी क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. ओ आणि शून्य, बी आणि आठ, आय आणि एक यांत गल्लत होते. बिल छापावरून लिहायला सांगा, तोंडी सांगून नव्हे.

उत्सर्जनाचा टप्पाही याच वेळी बघा. बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या मर्यादेचा टप्पा. बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू आहे. तुमच्या गाडीच्या टप्प्यापेक्षा खालचे इंजिन घेऊ नका. धुराची तपासणी गाडीच्या टप्प्याच्या मर्यादेने होते; धूर किती दाट आहे त्याचा आकडा मोजतात: बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला २.४५, बीएस-४ ला १.६२. जुने यांत्रिक पंपाचे इंजिन बीएस-४ गाडीत बसवले तर १.६२ च्या आत येणे कठीण.

अर्जाला लागणारे कागद

- मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, फिटनेस प्रमाणपत्र आणि कर भरल्याची पावती. आठ वर्षांवरील वाहतूक वाहनाला महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो. तो थकला असेल तर आधी भरा.
- वाहतुकीचा परवाना (परमिट), लागू असेल तर. एकूण भारित वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही.
- गाडीवर कर्जबोजा असेल तर बँकेची किंवा वित्त कंपनीची लेखी संमती. हप्त्यांचा हिशेब नीट असला तरी संमती वेगळीच लागते.
- इंजिनाचे बिल, मूळ गाडीची रद्द नोंदणी किंवा स्क्रॅपिंगचा कागद, वाहन समन्वयचा अहवाल.
- जुन्या आणि नव्या इंजिन नंबरच्या तसेच चेसी नंबरच्या पेन्सिल छापा.
- दुसऱ्या गटासाठी कंपनीचे पत्र.
- इंजिन का बदलायचे, हे सांगणारा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र. त्यात ‘जादा ताकदीसाठी’ असे मोघम लिहू नका. ब्लॉक फुटला, क्रँक गेला, जे खरे असेल ते गॅरेजच्या लेखी अहवालासह लिहा.
- मालकाचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा.

अर्ज परिवहन पोर्टलवर वाहन सेवांमध्ये, वाहनातील बदल या सेवेतून भरायचा. आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू नसेल तर ओटीपी येत नाही आणि पहिल्याच पायरीवर काम थांबते, म्हणून तो आधी बदलून घ्या. शुल्क भरल्यावर पावती आणि कागदांचा संच आरटीओत सादर करा. मंजुरीचे पत्र आल्यावर इंजिन बसवा आणि मग गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर न्या.

तपासणीत काय अडते

निरीक्षक नंबर छापाशी जुळवतो. इंजिन बसवल्यावर नंबरची जागा स्टार्टर, ब्रॅकेट किंवा पाइपमागे दडली तर गाडी परत पाठवली जाते. बसवतानाच फिटरला ती बाजू मोकळी ठेवायला सांगा आणि नंबरवर रंग मारू देऊ नका. पातळ ग्रीस पुरेसे आहे.

मोठे इंजिन जड असते. समजा एकूण भारित वजन २,८०० किलो आणि रिकामी गाडी १,६०० किलो, तर १,२०० किलो माल चालतो. इंजिन-गिअरबॉक्स मिळून ८० किलो वाढले तर माल १,१२० किलोच राहतो, कारण २,८०० ची मर्यादा बदलत नाही. म्हणजे ताकद वाढली तरी भरायचा माल कमी होतो, आणि मोठ्या इंजिनाचा हट्ट धरणाऱ्यांनी हे गणित आधीच करावे. तपासणीला जाताना वजनकाट्याची ताजी पावती न्या. पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर भार वाढून गाडी नाक खाली करते, मग हेडलाइटचा झोत आणि पुढची चाके दोन्ही पुन्हा जुळवावी लागतात.

ब्रेककडे विशेष लक्ष द्या. अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो. नव्या इंजिनावर साधा अल्टरनेटर आला तर पेडल दगडासारखे कडक होते, आणि भरलेली गाडी उतारावर थांबत नाही. पंप, त्याचा तेलाचा पाइप आणि बूस्टरची नळी गाडी चालू करण्याआधी तपासा. वेगनियंत्रक बसवलेला असेल तर तो नव्या पंपाला जोडून, सील करून, त्याचे प्रमाणपत्र नव्याने घ्या. रेडिएटर जुनाच ठेवला तर पासिंगला कोणाच्या लक्षात येणार नाही, पण पहिल्याच लांब चढावर पाणी उकळेल. कॉमन रेलचे (इलेक्ट्रॉनिक डिझेल पुरवठ्याचे) इंजिन असेल तर त्याचा ईसीयू (नियंत्रक संगणक), वायरिंग आणि इमोबिलायझर (चोरीविरोधी कुलूप) एकाच गाडीतले संपूर्ण घ्या. अर्धवट घेतल्यास इंजिन सुरूच होत नाही किंवा इशाऱ्याचा दिवा सतत पेटलेला राहतो.

मंजुरीनंतर

नवा इंजिन नंबर विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीत दुरुस्ती करून घ्या. मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष हप्ता भारित वजनावर ठरतो, त्यामुळे इंजिनाच्या नंबराने तो वाढत नाही. न कळवल्यास मात्र स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. पीयूसी नव्याने काढा. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी लागतो. त्या वेळी मंजुरीच्या पत्राची प्रत गाडीत ठेवा.

जुने इंजिन आरसी हातात येईपर्यंत विकू नका. अर्ज फेटाळला गेला तर तेच परत बसवावे लागते. विकताना त्याचा नंबर, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव लिहिलेले बिल करा, नाहीतर उद्या ते दुसऱ्या गाडीत सापडले तर चौकशी तुमच्या दारात येते. नवी आरसी आली की इंजिन नंबर, सीसी, सिलिंडर आणि रिकामे वजन हे चार रकाने पेन्सिल छाप आणि काटा पावती शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण पुढच्या पासिंगपर्यंत थांबल्यास तीच चूक मालकाने केलेला बदल म्हणून पाहिली जाऊ शकते.