पोट साफ होतं, मग तपासणी कशाला?

तळजाईवर किंवा पर्वतीवर रोज फिरायला येणाऱ्या तब्येतशीर पुणेकरांच्या मनातही एक समज घट्ट बसलेला असतो: पोट वेळेवर साफ होतं, रक्त पडत नाही, म्हणजे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी नको. हे चूक आहे.

हा कर्करोग बहुतेकदा आतड्याच्या अस्तरावरच्या छोट्या गाठीतून, पॉलिपमधून सुरू होतो. पॉलिप दुखत नाही, भूक मारत नाही. सगळेच बिघडत नाहीत. जे बिघडतात त्यांना साधारण १० वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून कॅमेऱ्याची लवचिक नळी घालून मोठं आतडं आतून पाहतात, त्या तपासणीत) असा पॉलिप दिसला तर तो बहुधा तिथल्या तिथे काढता येतो. म्हणजे रोग होण्याआधीच थांबवता येतो, आणि नेमक्या याच काळात माणूस ठणठणीत असतो!

कोलोनोस्कोपीची धास्ती वाटत असेल तर ‘फिट’ चाचणी आहे. शौचाच्या नमुन्यातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त ती शोधते. ती दरवर्षी करायची. पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोगच असं नाही, पण ‘मूळव्याध असेल’ म्हणून पुढची कोलोनोस्कोपी कृपया टाळू नका.

अमेरिकेत २०२१पासून ४५व्या वर्षी तपासणी सुरू करण्याची शिफारस आहे. आई-वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल तर ४०व्या वर्षी, कधी त्याही आधी. आपल्याकडच्या सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो, आतड्याचा नाही. त्यामुळे आपल्या डॉक्टरांकडे विषय आपणच काढायला हवा.

शौचातून रक्त दिसत असेल तर मात्र ‘फिट’वर थांबू नका, वय कितीही असो, थेट डॉक्टरांकडे जा.