दोन्हीला ‘हार्डनर’च म्हणतात, पण पॉलिस्टर वेगळं आणि इपॉक्सी वेगळं

फायबरची होडी दुरुस्त करायची तर रेझिन (कापडात मुरवायचा, नंतर कडक होणारा चिकट द्रव) आणि ते कडक करणारं हार्डनर लागतं. रेझिन दोन प्रकारचं, पॉलिस्टर आणि इपॉक्सी. दुकानात जाऊन नुसतं "होडीचं रेझिन आणि हार्डनर द्या" म्हणालात तर हातात काय पडेल सांगता येत नाही, कारण पॉलिस्टरच्या छोट्या बाटलीलाही हार्डनर म्हणतात आणि इपॉक्सीच्या डब्यालाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पॉलिस्टरचं हार्डनर म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड). ते फक्त रिअ‍ॅक्शन चालू करून देतं, किलोभर रेझिनला साधारण १० ते २० मिली, कडक उन्हात कमी आणि गारव्यात जरा जास्त. इपॉक्सीचं हार्डनर मात्र रेझिनशी जोडलं जाऊन त्यातच राहतं, म्हणून डब्यावर २:१ लिहिलंय तर २:१च, आणि ते वजनाने की मापाने तेही बघायचं. लवकर सुकावं म्हणून चार थेंब जास्त टाकायची पॉलिस्टरची सवय इथे लावलीत तर माल मऊच राहतो, मग खरवडत बसा.

हां, पॉलिस्टरसोबत कोबाल्ट (रिअॅक्शनला वेग देणारं द्रावण) वेगळं मिळालं असेल तर ते आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा आणि मगच एमईकेपी. दोन्ही थेट एकत्र आली तर भडका उडतो, स्फोटसुद्धा होतो.

आता घ्यायचं कुठलं? जुनं फायबर कधीच कडक झालेलं असतं, त्यावर नवीन पॉलिस्टर नुसतं खरखरीत भागाला धरून बसतं, वर सुकताना आकसतं. इपॉक्सी चिकटायला खूप सरस, पण महाग. त्यामुळे पाण्याखालचं भोक असेल किंवा लाकडी होडीवर फायबर चढवायचं असेल तर मी इपॉक्सीच घेईन, वरच्या काठाचा टवका उडालाय तर पॉलिस्टर बास झालं. रेझिन कुठलंही घ्या, ग्राइंडरने भोकाच्या कडेला उतार काढायचाच, जाडीच्या १२ पट, म्हणजे ६ मिमीला भोकाभोवती सगळीकडून ७२ मिमी.

रेझिनसोबत लावायच्या काचेच्या धाग्यांच्या कापडात पण फसगत आहे. नेहमीच्या सुट्या धाग्यांच्या मॅटमधला बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा डिंक, पॉलिस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवाने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट ताठच राहते. इपॉक्सीला विणलेलं कापड घ्या.

जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून कोकणात होड्या वर ओढल्या की ही कामं निघतात आणि हवा असते दमट, मग इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्याने घासून धुवायचा, पॉलिशपेपर नंतर, नाहीतर तोच थर आत चोळला जातो. पॉलिस्टरचा चिकटपणा हवेमुळे असतो, तो पाण्याने जात नाही, शेवटच्या हाताला मेणवालं रेझिन वापरलं की येतच नाही.